मागच्या बर्थची गादी

त्रिवेणीबाई राजूरकर यांच्याविषयी चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत दोन गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या. एक अशी, की त्यांनी एकतीस वर्षे मराठी शाळेत भूगोल शिकवला. दुसरी अशी, की त्यांच्यासमोर शब्द जपून वापरावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीमुळे शेजारीपाजारी त्यांना थोडे टाळत, आणि टाळणाऱ्यांविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार करण्यासारख्या इतर गोष्टी पुष्कळ होत्या.

हैदराबादच्या मराठीत ‘परवा’ हा शब्द दक्खनी उर्दूच्या शेजाराने पार सैल झालेला आहे. कोशात पाहिले तर परवा म्हणजे कालच्या मागचा दिवस, नाहीतर उद्याच्या पुढचा. इथला परवा मात्र गेल्या आठवड्यात असतो, गेल्या उन्हाळ्यात असतो, कधी दहा वर्षांमागेही जाऊन बसतो. ‘परवाच तर मुलीचं लग्न केलं की,’ असे एखादे गृहस्थ सांगतात तेव्हा त्यांच्या मांडीवर नात खेळत असते. शाळेत एखाद्या विद्यार्थ्याने ‘बाई, वही परवा हरवली’ म्हटले, की त्रिवेणीबाई खडू खाली ठेवत आणि विचारत, “परवा म्हणजे कोणता वार?” पोरगा गोंधळे, वर्ग हसे. शिक्षकांच्या खोलीत या सवयीची थट्टा होई, आणि थट्टेत सगळ्यांत पुढे असत गणिताच्या नीलिमाबाई. “मी बाई त्रिवेणीशी बोलताना परवा मोजून वापरते,” असे त्या सर्वांदेखत म्हणत. ते खरेही होते. सव्वीस वर्षे त्या दोघींची टेबले एकमेकींना लागून होती, आणि त्या काळात नीलिमाबाईंचा एकही परवा त्रिवेणीबाईंकडे चुकीच्या वारी पोचला नव्हता.

ज्या बाईने मुलांना हिमरेषा शिकवली, वाळवंट शिकवले, खंडाच्या कडेला समुद्र काय करतो तेही शिकवले, ती स्वतः एका दिशेला विजयवाड्याच्या आणि दुसऱ्या दिशेला नांदेडच्या पुढे कधी गेली नव्हती. वडील कोर्टात पेशकार होते, ते लवकर गेले. आई न्हाणीघरात पडली ती नऊ वर्षे अंथरुणावर राहिली. तिला उचलता-बसवताना त्रिवेणीबाईंच्या कमरेचे दोन मणके कायमचे दुखावले. आई गेली तेव्हा निवृत्तीला चार वर्षे उरली होती, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की यापुढे मऊ अंथरूण वर्ज्य. लग्न का झाले नाही, हे त्यांना कोणी विचारले नाही. आधी वडिलांमागचे घर आणि मग ही नऊ वर्षे, या हिशेबात उत्तर दिसतच होते.

नीलिमाबाईंचे यजमान केशवराव रेल्वेत होते. तारनाक्याला त्यांचे स्वतंत्र घर, पुढे मोठे अंगण. त्या अंगणात केशवरावांनी निवृत्तीनंतर पत्रा, लोखंड आणि प्लायवूड यांचे एक फिरते घर बांधायला घेतले. मोठ्या गाडीच्या मागे जोडून न्यायचे, दोन चाकांचे, आत ओटा, कपाट आणि दोन झोपायच्या जागा. लोक त्याला ट्रेलर म्हणोत की कॅरव्हान, केशवराव त्याला ‘डबा’ म्हणत आणि झोपायच्या जागांना बर्थ. डबा पूर्ण होण्याआधीच ते गेले. तेराव्याला जेवणे आटोपल्यावर नीलिमाबाई त्रिवेणीबाईंना अंगणात घेऊन गेल्या आणि पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हा आपण दोघी पुरा करू. मी गाडी चालवीन, तू रस्ता सांग. कच्छच्या रणातून वर हिमाचलापर्यंत. पुढचा बर्थ माझा, मागचा तुझा.”

मागचा तुझा. पुढच्या अडीच वर्षांत त्रिवेणीबाई याच दोन शब्दांवर जगल्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी पडदे शिवले. कपाटाची दारे प्रवासात उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला कडी बसवून घेतली. कोणत्या घाटात डबा चढणार नाही, कोठे पाणी भरून घ्यावे लागेल, कोणत्या आठवड्यात कोणत्या खिंडीतला बर्फ वितळतो, याची नोंद त्यांनी एका वहीत सुवाच्य अक्षरात केली. निघण्याचा दिवस ठरला सात एप्रिल. त्या वयाच्या साठाव्या वर्षी प्रथमच बर्फ पाहणार होत्या, आणि हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण भूगोलाच्या बाईने बर्फ पाहिलेला नाही ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

राहिली होती ती गादी.

मागचा बर्थ सरळ चौकोनी नव्हता. लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी दोन फूट सात इंच. पण पायाकडचा दाराजवळचा कोपरा केशवरावांनी नऊ इंच तिरका छाटलेला होता, नाहीतर दार आत उघडले नसते. बाजारातली तयार गादी तिथे बसणे शक्य नव्हते. दिवाळीत त्रिवेणीबाईंनी शाळेतून निकालात निघालेला आशियाचा जुना भिंतीवरचा नकाशा नेला, कोरी बाजू वर करून बर्थवर पसरला, कडेकडेने पेन्सिल फिरवली आणि कात्रीने बर्थचा आकार कापून घेतला. त्यावर ‘ही बाजू वर’, ‘डोके’, ‘पाय’ असे ठळक लिहिले. त्यानंतर डबा चाके बदलायला आणि रंगवायला शहराबाहेरच्या वर्कशॉपमध्ये गेला.

नामपल्लीला, नुमाइशच्या म्हणजे दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनाच्या मैदानामागच्या रस्त्यावर हिम्मतरावांचे फोमचे दुकान होते. माणूस मूळचा परभणीकडचा, शेतकरी घरातला. बापाच्या वेळी इकडे आलेला. जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नुमाइशच्या स्टॉलवाल्यांची कामे असल्याने त्यांनी त्रिवेणीबाईंना थांबवले, पण थांबवून जे केले ते नीट केले. खाली तीन इंच घट्ट, दाबलेल्या तुकड्यांचा फोम, वर एक इंच मऊ. कापण्यासाठी नकाशा फोमवर अंथरायची वेळ आली तेव्हा ते घुटमळले.

“देशाचं तोंड खाली करायचं म्हणजे बरं वाटत नाही, बाई.”

“आशियाचं आहे ते,” त्रिवेणीबाई म्हणाल्या.

“त्यात आपला देश हायच की.”

मग त्यांनी फोमवर आधी एक धुतलेली चादर टाकली, तिच्यावर नकाशा पालथा ठेवला, कडेने टाचण्या लावून आकार उतरवून घेतला आणि फळी दाबून लांब पात्याच्या सुरीने एका दमात कड कापली. सगळ्या बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवला. फोम जागेत दाबून बसला पाहिजे, सैल राहिला तर गाडीच्या हिसक्याने सरकतो, असे त्यांनी समजावून सांगितले. त्रिवेणीबाईंनी मान डोलावली. आपल्यासारखेच काम करणारा माणूस भेटला, असे त्यांना त्या दिवशी वाटले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डबा अंगणात परत आला. गादी हिम्मतरावांनी परस्पर तारनाक्याला पाठवली. त्रिवेणीबाईंना त्या दिवशी कमरेला शेक घ्यायचा होता, म्हणून त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी नीलिमाबाईंचा फोन आला.

“अगं, गादी बसत नाही गं.”

“बसत नाही म्हणजे?”

“मोठी झाली. बरीच मोठी.”

“कोपरा कोणत्या बाजूला आलाय?”

“ते काय मला कळत नाही. बसत नाही एवढं खरं. तूच बघ काय ते.”

एवढे बोलून फोन ठेवला गेला. नीलिमाबाईंची ही वाक्ये येथे मुद्दाम पूर्ण दिली आहेत. त्यांतले एकही वाक्य खोटे नाही. काळजीपूर्वक बोलणाऱ्या माणसांचे असेच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, गिऱ्हाइकांनी दुकान भरलेले असताना, त्रिवेणीबाई हिम्मतरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. वर्गातही त्यांना कधी चढवावा लागला नव्हता. त्या म्हणाल्या, की मी माप दिले होते, आकार कापून दिला होता, त्यावर शब्दांत लिहून दिले होते. मोठी गादी कापून माल जास्त लावायचा हा धंद्यातला जुना डाव असेल, पण तो शिक्षकांवर करू नये.

“बाई, काय बोलायलाव तुम्ही?” हिम्मतरावांच्या हातातला टेप तसाच राहिला. “रेघेवर रेघ ठेवून कापलंय.”

“मग बसत का नाही? ‘ही बाजू वर’ असं लिहिलं होतं. वाचता येत नसेल तर विचारायचं. त्यात लाज कसली?”

दुकानात कोणीतरी हसले. सोफ्याचे कापड बघायला आलेल्या दोन बायका मागे वळल्या. हिम्मतराव पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या स्पष्ट दिसल्या.

“सातवी शिकलोय,” ते म्हणाले. “मराठीतच शिकलोय. तुमच्यासारख्याच बाई होत्या.” मग त्यांनी सुरी कापडात गुंडाळली, टेप खिशात घातला आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रॉलीरिक्षाच्या चालकाला हाक मारली. “चला, बाई. तुमच्या डब्याजवळ चला. माझी चूक निघाली तर तिथंच पायावर डोकं ठेवतो. नाही निघाली तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा.”

तारनाक्याच्या अंगणात डबा उभा होता, नव्या निळ्या रंगात, आणि त्याच्याकडे पाहून क्षणभर त्रिवेणीबाई आपण कशासाठी आलो ते विसरल्या. गादी व्हरांड्यात भिंतीला टेकवलेली होती. नीलिमाबाई बाहेर आल्या, दोघांना पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, “अगोबाई, दुकानदारांना कशाला त्रास दिलास? बसा, चहा टाकते.”

“चहा नंतर,” त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि डब्यात चढल्या.

मागचा बर्थ तिथे नव्हता. त्याच्या जागी दोन लहान बर्थ होते, एकावर एक, प्रत्येकी साडेचार फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद. वरच्याला पडू नये म्हणून कठडा होता. खालच्याच्या कडेला कोणी डायनासोरचे चित्र चिकटवले होते. त्रिवेणीबाईंनी शिवलेले पडदे मात्र होते. खिडकी बदललेली नव्हती.

नीलिमाबाई दारात उभ्या राहून बोलू लागल्या. त्यांचा आवाज मऊ होता, नेहमीसारखाच.

“मी सांगणारच होते गं तुला. सुमितचा बंगळूरहून फोन आला, की आई, यंदा मी रजा टाकतो, मी गाडी चालवतो, वृषाली आणि आमचे पोट्टे पण येतात. सात वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून काही म्हणाला. मी काय नाही म्हणू? सगळं अचानक ठरलं. परवाच ठरलं बघ.”

परवा. त्रिवेणीबाईंनी मनात वार मोजला. आज बुधवार, म्हणजे सोमवारी. सोमवारी ठरले, सुतार आला, घाईघाईत काम झाले, तोवर गादी दुकानातून निघालेली. त्यांना धक्का बसला, पण त्या धक्क्याला उतारही होता. मुलगा दूर गेलेला, आईचा जीव विरघळला, दोन दिवसांत असे होऊ शकते. माणसाकडून दोन दिवसांची चूक त्या माफ करू शकत होत्या. मुलांना आत, आपण बाहेर तंबू लावून झोपता येईल का, इथपर्यंत त्यांचे मन गेले. अपमान झालेल्या माणसाला जागा करून द्यायची किती घाई असते, हे पाहण्यासारखे होते.

हिम्मतराव तोपर्यंत डब्यात वाकले होते. त्यांनी आधी टेप लावला, मग खालच्या बर्थच्या फळीला बोटाने घासले आणि नाक जवळ नेले.

“वास नाही,” ते म्हणाले.

“कसला?” नीलिमाबाईंनी विचारले.

“वार्निशचा. परवाचं काम असतं तर डबा घमघमला असता. हे अडीच-तीन महिन्यांचं काम हाय. आणि इथं बगा, लेकरांनी उड्या मारून कड घासलीय.” त्यांनी मान वर केली आणि दोघींकडे पाहिले, आपण काहीतरी मोडले हे त्यांच्या लक्षात आले असावे. कारण लगेच ते सांभाळून घेऊ लागले, “म्हणजे बाईंचं खोटं नाही. आपल्याकडं परवा म्हणजे कवाबी असतं की.”

मग त्रिवेणीबाईंनी विचारले, “नीलिमा, परवा म्हणजे कोणता वार?”

नीलिमाबाई पदराशी खेळू लागल्या. “असं वर्गात उभं केल्यासारखं विचारू नकोस.”

“वार सांग.”

“डिसेंबरात ठरलं. नुमाइश लागायच्या आधी. मुलं नाताळच्या सुट्टीत आली होती तेव्हा वर्कशॉपमध्येच हे बर्थ बसवून घेतले. झालं समाधान?”

नुमाइश लागण्याआधी. म्हणजे मकरसंक्रांतीला नीलिमाबाईंनी तिळगूळ दिला तेव्हा ठरलेले होते. जानेवारीत त्रिवेणीबाई हिमाचलातल्या मुक्कामांची यादी वाचून दाखवत होत्या आणि नीलिमाबाई ‘हौ, हौ’ म्हणत होत्या, तेव्हाही ठरलेले होते. फोम घट्ट घ्यावा की मध्यम, यावर दोघींची फोनवर पाऊण तास चर्चा झाली होती, आणि नीलिमाबाईंनी सांगितले होते, तुझी कंबर आहे, घट्टच घे.

“तुला सांगायला जीभ रेटेना,” नीलिमाबाई म्हणाल्या. “तू इतक्या हौसेनं सगळं करत होतीस.”

“म्हणून करू दिलंस?”

“वाटलं, कळेल तुला आपोआप. आणि असं बघ, दुसरं कोणी असतं तर परवा म्हटल्यावर समजून घेतलं असतं.”

“दुसऱ्या कोणाला तू म्हणाली नाहीस. मला म्हणालीस. मला कोणता परवा ऐकू येतो ते साऱ्या शाळेत तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.”

नीलिमाबाई रागावल्या. “एवढं काय झालं गं? बर्थच आहे. पुढच्या वर्षी जाऊ आपण दोघी.”

“काल तू फोन केलास. गादी मोठी झाली म्हणालीस. बर्थ लहान झाला असं का म्हणाली नाहीस?”

“तेच की ते.”

“तेच नाही. त्या एका वाक्यावर मी आज यांना भर दुकानात चोर म्हणाले. अडाणी म्हणाले.”

हिम्मतराव खाली उतरले होते आणि आपल्या टेपकडे पाहत उभे होते. “जाऊ द्या, बाई,” ते पुटपुटले.

आता जे घडले ते त्रिवेणीबाईंना पुढे पुष्कळ दिवस खरे वाटले नाही. नीलिमाबाईंनी व्हरांड्यातल्या गादीकडे पाहिले, मग हिम्मतरावांच्या हातातल्या कापडात गुंडाळलेल्या सुरीकडे, आणि त्यांचा चेहरा, एखादे अडलेले गणित सुटावे तसा, मोकळा झाला.

“आलाच आहात तर एक करा ना,” त्या हिम्मतरावांना म्हणाल्या. “या गादीतून मुलांच्या एका बर्थची तरी निघेल. त्रिवेणी, तूच माप घेऊन दे. तुझं माप कधी चुकत नाही.”

हिम्मतरावांनी नीलिमाबाईंकडे न पाहता त्रिवेणीबाईंना विचारले, “बाई, गादी तुमची हाय. कापू?”

साडेचार फूट आणि दोन फूट. निघाली असती. छाटलेला कोपरा बाहेर गेला असता, पायाकडचा पावणेदोन फूट उरला असता. त्रिवेणीबाईंना हे आकडे न मागता सुचले आणि त्याची त्यांना शरम वाटली.

“नका कापू.”

“अगं, मग काय करणार तू तिचं?” नीलिमाबाई म्हणाल्या. “तुझ्या पलंगाला ती बसायची नाही. कोपराच नाहीये एक.”

“तुझ्या डब्यालाही बसत नाही. गाडीत टाका, हिम्मतराव.”

“असा अबोला धरून काय मिळणार आहे तुला?”

“अबोला धरलेला नाही मी. अडीच वर्षं बोलतेच आहे. आता तू सुमितला रस्ता विचार.”

“त्याला तुझी मराठी वही वाचता येत नाही, माहीत आहे ना तुला. तू ती मोठ्यानं वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करून दे म्हणणार होते मी.”

हेही ठरवून ठेवलेले होते. बर्थ घ्यायचा, गादी घ्यायची, आणि आवाजही. त्रिवेणीबाई रिक्षाकडे निघाल्या. ट्रॉलीरिक्षात पुढे चालकाशेजारी एकच जागा होती, ती हिम्मतरावांनी त्यांना दिली आणि स्वतः मागे गादी धरून बसले. वाटेत तो चालक तेलुगूत कोणाशी तरी फोनवर भांडत होता, आणि त्या भांडणातला प्रत्येक शब्द त्रिवेणीबाईंना कळत होता, तरी त्यांनी काही ऐकले नाही.

चिक्कडपल्लीला तीन जिने चढून हिम्मतरावांनी गादी वर नेली. पलंगावर ठेवली तेव्हा ती एका बाजूने अरुंद पडली आणि पायाकडे तिरकी. “कोपरा जोडून देतो,” ते म्हणाले, “तुकडा हाय दुकानात, सोल्यूशन लावलं की कळणारबी नाही.” त्रिवेणीबाई म्हणाल्या, नको. जाताना उंबऱ्यावर हिम्मतरावांनी एवढेच म्हटले, “माप बरोबर होतं ना, बाई?”

“बरोबर होतं,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. पण जिन्यात ऐकणारे कोणी नव्हते, आणि हे त्यांच्या मनातून गेले नाही.

मार्च संपेपर्यंत नीलिमाबाईंचे चार फोन आले. एकात त्या रडल्या. एकात म्हणाल्या, की मुलगा आणि मैत्रीण यांत आईने काय निवडावे, तू आई असतीस तर तुला कळले असते. त्रिवेणीबाईंनी तो फोन ठेवला आणि त्यानंतरचे घेतले नाहीत. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघींनी मध्यस्थी करू पाहिली. त्यांच्या मते हे एवढेसे प्रकरण होते. गादीवरून कोणी सव्वीस वर्षे तोडते का, असे त्या म्हणाल्या. त्यांना त्रिवेणीबाईंनी समजावले नाही. ज्यांना परवा आणि डिसेंबर यांतले अंतर मोजावेसे वाटत नाही, त्यांना काय समजावणार.

सात एप्रिलला सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, इस्त्रीची सुती साडी नेसली आणि नामपल्लीची बस धरली. दुकानात अकराच्या सुमारास गर्दी असते हे त्यांना माहीत होते. त्या गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या आणि सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मार्च महिन्यात मी इथं येऊन या गृहस्थांवर खोटा आरोप केला होता. यांनी कापलेली गादी मापात होती. चूक माझी होती. यांना वाचता येतं.”

चार-पाच गिऱ्हाईके होती. मार्चमधले त्यांच्यात कोणीही नव्हते. एकाने हिम्मतरावांना विचारले, “क्या बोल रहे मॅडम?” हिम्मतराव म्हणाले, “कुछ नहीं, पुरानी बात,” आणि घाईघाईने एक स्टूल ओढून, त्यावर घट्ट फोमचा चौकोनी तुकडा ठेवून, त्रिवेणीबाईंना बसवले.

“एवढ्यासाठी आलाव, बाई? उन्हातानात?”

“हो.”

“तुमची जायची तारीख कोणती होती म्हणालाव?”

“आजची.”

हिम्मतरावांनी समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले. चहा येण्याआधी त्रिवेणीबाईंच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. त्यांनी काढून पाहिला. पडद्यावर नाव होते ते त्यांनीच कधीतरी दीर्घ ‘नी’सकट नीट लिहून साठवलेले. फोन त्यांनी गल्ल्यावर पालथा ठेवला.

“वाजायलाय, बाई.”

“वाजू द्या,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “चहात साखर नको म्हणून सांगितलंत का?”

“सांगितलं की.”

फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. एव्हाना डबा शहराच्या बाहेर पडला असेल. नांदेडच्या रस्त्याने, पहिला थांबा नांदेडच्या अलीकडे. तिथे पाणी भरून घ्यायचे असते. ते डब्यातल्या कोणाला ठाऊक नव्हते.

पाणी मिळेल त्यांना कुठेतरी. चहा आला तसा त्रिवेणीबाईंनी कप उचलला.

चहात साखर होती. त्यांनी तो तसाच प्यायला.